घराचा हिशेब हयातीतच लिहा

समजा, पुण्यात कोथरूडला दोन बेडरूमचा एक फ्लॅट आहे. वडिलांनी १९९४ मध्ये पगारातून पैसे साठवून आणि कर्ज काढून तो सोसायटीत घेतला. थोरला मुलगा, सून आणि नातवंडे आईवडिलांबरोबर तिथेच राहतात. दवाखाने, औषधे, रात्रीची जागरणे थोरल्याने आणि सुनेने काढली. धाकटा न्यू जर्सीला असतो. कर्जाचे शेवटचे काही हप्ते त्याने पाठवले. मुलगी लग्न होऊन नाशिकला आहे. लग्नात खर्च केला तेव्हाच तिचे देणे फिटले, असे घरात धरून चालले आहेत. गावाकडे, वाई तालुक्यात, आजोबांनी विकत घेतलेली दोन एकर जमीन आहे आणि सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव आहे. वडील गेले. मृत्युपत्र नाही. सोसायटीत नॉमिनी म्हणून थोरल्याचे नाव लागलेले आहे.

हे कुटुंब उदाहरणापुरते आहे, पण असे एखादे घर आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यात असते. थोरल्याला वाटते, नॉमिनी मी, सेवा माझी, तेव्हा घर माझे. धाकट्याला वाटते, हप्ते मी भरले. मुलीला वाटते, मीही त्यांचेच लेकरू. तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे आहे. कायदा मात्र केलेली सेवा मोजत नाही, पाठवलेले पैसे आपोआप हिशेबात धरत नाही आणि लग्नातला खर्चही वळता करून घेत नाही. तो दोनच गोष्टी पाहतो: नाते आणि कागद. कागद नसेल तर नुसत्या नात्यावर वाटणी होते. म्हणून कुटुंबाला जे न्याय्य वाटते ते घरातल्या मोठ्यांनी, हातपाय धड असताना आणि सगळ्यांच्या कानावर घालून, लिहून ठेवले पाहिजे.

पुढे दिलेले वारसाचे नियम हिंदू वारसा कायदा, १९५६ मधले आहेत. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू होतो. इतर धर्मीयांसाठी आणि गोव्यातल्या वाचकांसाठी वेगळी टीप शेवटी दिली आहे.

आधी पाहा, घर नेमके कोणाचे

वीजबिलावर नाव आहे, घरपट्टी मी भरतो, सातबाऱ्यावर माझी नोंद आहे, यांतल्या कशानेही मालकी सिद्ध होत नाही. सातबारा आणि मिळकत पत्रिकेवरच्या फेरफार नोंदी मुख्यतः महसुलासाठी असतात, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितले आहे. मालकी येते ती खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, मृत्युपत्र यांसारख्या दस्तातून किंवा वारसाहक्काने.

म्हणून पहिले काम कागद गोळा करण्याचे. फ्लॅट असेल तर नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, नॉमिनेशनच्या अर्जाची पोच आणि कर्ज फिटले असल्यास बँकेचा तसा दाखला. गावाकडे सातबारा, आठ-अ, आजोबांच्या काळापासूनचे फेरफार उतारे, गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ आणि मिळकत पत्रिका. हे सगळे एका फाईलमध्ये ठेवा आणि फाईल कुठे आहे हे निदान दोघांना सांगून ठेवा.

मूळ कागद कर्जापोटी बँकेकडे असतील तर रिझर्व्ह बँकेचा एक नियम लक्षात ठेवा. कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत देणे बँकांवर बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई मिळते. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू आहे. कर्जदार वारल्यास कागद वारसांना कसे द्यायचे याची पद्धतही बँकेने ठरवून ठेवायची असते.

दुसरे काम म्हणजे घर स्वकष्टार्जित आहे की वडिलोपार्जित, हे ठरवणे. स्वकष्टार्जित घराचे मालकाला हवे ते करता येते. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलामुलींचा हक्क जन्मापासून असतो आणि तिथे वडिलांना फक्त आपल्या हिश्श्यापुरते मृत्युपत्र करता येते. पण आजोबांकडून आले ते सगळे वडिलोपार्जित, हा समज चुकीचा आहे. आजोबांची स्वतःची मिळकत १९५६ नंतर त्यांच्या मृत्यूने वडिलांकडे आली असेल, तर ती सर्वसाधारणपणे वडिलांची वैयक्तिक मिळकत धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात ही भूमिका घेतली. वाटणी झालेली नाही, आजोबा १९५६ पूर्वी वारले, अशा तपशिलांनी उत्तर बदलते. इथे वकिलाला जुने फेरफार दाखवूनच मत घ्या.

मृत्युपत्र नसेल तर काय होते

कोथरूडचा फ्लॅट एकट्या वडिलांचा होता. त्यामुळे आई, थोरला, धाकटा आणि मुलगी या चौघांना प्रत्येकी एक चतुर्थांश, म्हणजे २५ टक्के हिस्सा मिळतो. हाच फ्लॅट आईवडिलांच्या निम्म्या-निम्म्या मालकीचा असता, तर आईचे मूळचे ५० टक्के तिचेच राहिले असते. वडिलांच्या ५० टक्क्यांचे चार भाग होऊन तिला आणखी साडेबारा टक्के मिळाले असते. तिच्याकडे एकूण साडेबासष्ट टक्के आणि तिन्ही मुलांकडे प्रत्येकी साडेबारा. करारनाम्यावर पत्नीचे नाव सहमालक म्हणून घातल्याने तिच्या उतारवयाला केवढा आधार मिळतो, ते या एका हिशेबातून दिसते.

गावच्या जमिनीचे गणित आणखी वाढत जाते. आजोबांना चार मुले असतील, म्हणजे वडील, एक काका आणि दोन आत्या, तर प्रत्येकाचा हिस्सा पाव. वडिलांच्या पावाचे पुन्हा चार भाग झाले की नाशिकच्या मुलीच्या वाट्याला सोळावा हिस्सा येतो. काका आणि आत्यांच्या मागेही चार-चार वारस धरले, तर दोन एकर जमीन विकायला १६ सह्या लागतात. नोंद जितकी लांबवाल तितक्या सह्या वाढतात आणि त्यांतली एखादी मिळेनाशी होते. वारसांत कोणी अज्ञान असेल, तर त्याचा हिस्सा विकायला पालकाला न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. मृतांच्या नावावरचे सातबारे वारसांच्या नावे करण्यासाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये ‘जिवंत सातबारा’ मोहीम सुरू केली, ती याच अडचणीमुळे.

मुलींविषयी कायदा आता पूर्ण स्पष्ट आहे. ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. त्या दिवशी वडील हयात नसले तरी तो हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात ठरवले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर पार पडलेल्या वाटण्यांना मात्र त्यामुळे धक्का लागत नाही. लग्न कधी झाले, लग्नात किती खर्च झाला, यांचा या हक्काशी काही संबंध नाही.

आणखी दोन गोष्टी अनेकांना ठाऊक नसतात. अविवाहित मुलगा मृत्युपत्र न करता वारला, तर त्याचे घर पूर्णपणे आईकडे जाते. आई हयात असेल तर वडिलांना त्यात हिस्सा मिळत नाही. आणि मूल नसलेल्या विवाहितेने स्वतःच्या कमाईतून घर घेतले असेल, तर तिच्यामागे ते पतीकडे जाते. पती आधीच वारला असेल तर पतीच्या वारसांकडे. तिच्या आईवडिलांचा क्रम त्यानंतर लागतो. ज्या स्त्रीला आपले घर आईवडिलांना किंवा भावंडांना मिळावे असे वाटते, तिने मृत्युपत्र केलेच पाहिजे. यात टाळाटाळ परवडणारी नाही.

नॉमिनी मालक नसतो

सोसायटीतल्या भांडणांचे मूळ बहुतेक वेळा या एका शब्दात असते. नॉमिनी नेमल्याने सोसायटीला व्यवहार कोणाशी करायचा एवढे कळते. घराची मालकी त्याने ठरत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. त्यानुसार सभासद वारल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेता येते. मृत्युपत्र, वारसाचा दाखला किंवा कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त पाहून कायदेशीर वारसांची नावे लागेपर्यंत ही सोय असते. कंपन्यांच्या शेअरबाबतही नॉमिनी वारसांना डावलून मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले.

म्हणजे आपल्या उदाहरणातल्या थोरल्याला सोसायटीत पाय ठेवायला जागा मिळाली, मालकी मिळाली नाही. वडिलांची इच्छा खरोखर घर त्यालाच द्यायची असती, तर नॉमिनेशनच्या अर्जाबरोबर मृत्युपत्रही करायला हवे होते. नॉमिनेशन करूच नका, असा याचा अर्थ नाही. ते जरूर करा, आणि शक्य असेल तिथे मृत्युपत्रातल्या व्यक्तीलाच नॉमिनी नेमा, म्हणजे दोन कागद एकमेकांविरुद्ध जाणार नाहीत.

सोसायटी पुनर्विकासाला निघाली असेल तर घाई अधिक करायला हवी. नव्या घराचा करार कोणाच्या नावे करायचा, भाड्याचे पैसे कोणाला द्यायचे, हे वारस ठरल्याशिवाय पुढे सरकत नाही आणि एका फ्लॅटपायी सगळ्या इमारतीचे काम रखडू शकते.

भावंडे मिळून घर घेताना

घरांच्या किमती अशा आहेत की भाऊ-भाऊ, बाप-लेक किंवा नवरा-बायको यांनी मिळून घर घेणे आता सर्रास होते. ते घेतानाच पुढची वाट ठरवता येते.

१. करारनाम्यात प्रत्येकाचा हिस्सा टक्क्यांत लिहा. लिहिले नाही, तर कोणी किती पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा धरला जातो, आणि तेही सिद्ध झाले नाही तर समसमान. म्हणून पैसे बँकेतून द्या आणि नोंदी जपून ठेवा.

२. बँकेचा सहकर्जदार आणि घराचा सहमालक या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. कर्जावर सही आहे पण करारनाम्यात नाव नाही, असा माणूस हप्ते भरत राहतो आणि मालकीचा दस्त त्याच्याकडे नसतो. न्यू जर्सीच्या धाकट्याला आज हीच अडचण आहे. त्याने पाठवलेले पैसे भेट होती, उसने होते की गुंतवणूक, हे कुठेच लिहिलेले नाही.

३. आपसांत एक लेखी समजपत्र करा. कोण राहणार, मेंटेनन्स आणि दुरुस्ती कोण भरणार, घर भाड्याने दिले तर भाडे कसे वाटायचे, एकाला बाहेर पडायचे झाले तर किंमत कोण ठरवणार आणि पहिला विकत घेण्याचा हक्क कोणाचा, एवढे त्यात असावे. किंमत ठरवायला सरकारमान्य मूल्यांककाचे नाव आधीच मान्य केले, तर तो वाद उरत नाही.

४. कर्जाला पुरेल इतका आयुर्विमा कमावत्या सहमालकाच्या नावे घ्या. एक जण गेला तर दुसऱ्यावर हप्ते आणि दुःख दोन्ही एकदम येऊ नयेत.

५. खरेदीदार फक्त स्त्रिया असतील, तर महाराष्ट्रात राहत्या घराच्या मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. ५० लाखांच्या घरावर ५०,००० रुपये वाचतात. घर फक्त बायको, आई किंवा मुलीच्या नावे घेणार असाल तरच ती मिळते. पुरुषाचे नाव जोडले की जाते.

सहमालकाला आपला हिस्सा बाहेरच्याला विकता येतो. मात्र कुटुंबाच्या एकत्र राहत्या घरात असा बाहेरचा खरेदीदार थेट येऊन राहू शकत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या वाटणी कायद्यानुसार कुटुंबीयांना त्याचा हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत मागता येतो. दोन बेडरूमच्या फ्लॅटचे चार तुकडे होत नसल्याने असे दावे बहुतेकदा विक्री आणि पैशांच्या वाटणीवर येऊन थांबतात. तोवर राहत्या घराची आणि नात्यांची दोन्ही वाताहत झालेली असते.

हयातीत नावावर करून द्यावे का

बक्षीसपत्राने घर देणे महाराष्ट्रात स्वस्त आहे. राहते घर पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा दिवंगत मुलाच्या पत्नीला दिले तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागते. शहरानुसार त्यावर अधिभार असतो, तो दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. भावाबहिणीला ही सवलत मिळत नाही.

स्वस्त आहे म्हणून घाई मात्र करू नका. बक्षीसपत्र नोंदले की मालकी त्याच दिवशी जाते आणि ते सहजी मागे घेता येत नाही. माझा आग्रह असा की आईवडिलांनी राहते एकमेव घर हयातीत कोणाच्याही नावावर करू नये. मुले वाईट असतात म्हणून नव्हे. मुलाला धंद्यात खोट येऊ शकते, त्याचा घटस्फोट होऊ शकतो, तो आईवडिलांआधी जाऊ शकतो, आणि या प्रत्येक वेळी म्हाताऱ्या माणसांचे छप्पर दुसऱ्याच्या अडचणीत सापडते.

द्यायचेच ठरले, तर बक्षीसपत्रात दोन गोष्टी स्पष्ट लिहून घ्या: देणाऱ्या दोघांनाही हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क राहील, आणि घेणारा त्यांचा सांभाळ करील. ज्येष्ठ नागरिक कायदा, २००७ च्या कलम २३ प्रमाणे सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण रद्द करू शकते. अट लिहिलेली नसेल तर ती होती हे सिद्ध करत बसावे लागते.

मृत्युपत्र: सर्वांत सोपा आणि सर्वांत टाळला जाणारा कागद

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. ते साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने, मराठीत लिहिले तरी चालते. हवे तेव्हा बदलता येते आणि शेवटचे मृत्युपत्र ग्राह्य धरले जाते. मालकी मृत्यूनंतरच जात असल्याने हयातीत काहीच गमवावे लागत नाही. तरीही अभद्र नको म्हणून ते टळत राहते.

ते पक्के होण्यासाठी एवढे करा. लिहिणाऱ्याने दोन साक्षीदारांसमोर सही करावी आणि दोघांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. साक्षीदार सज्ञान, शक्यतो लिहिणाऱ्यापेक्षा वयाने लहान, ओळखीचे आणि मिळकतीत काहीही न मिळणारे असावेत. प्रत्येक पानावर सही करा. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा. नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधकाकडे ती जरूर करा. खर्च नाममात्र आहे आणि पुढे सहीवरून होणारा वाद कमी होतो. अंमलबजावणीसाठी एक विश्वासू व्यवस्थापक नेमा. नवरा-बायकोने आपापल्या हिश्श्याचे स्वतंत्र मृत्युपत्र करावे.

मजकुरात सर्वांत महत्त्वाचे आहे ते कारण. कोणाला कमी, कोणाला जास्त दिले असेल तर का, ते लिहा. ‘थोरल्याने आणि सुनेने आमची अमुक वर्षे सेवा केली म्हणून त्याला अधिक हिस्सा देत आहोत, धाकट्याने भरलेले हप्ते त्याच्या हिश्श्यात धरले आहेत, मुलीला गावच्या जमिनीतला आमचा हिस्सा देत आहोत’, अशी तीन वाक्ये बापाच्या सहीने वाचायला मिळाली, तर मुलांना वाटणी पटण्याची शक्यता कितीतरी वाढते. कायदा जे मोजत नाही ते मोजण्याची जागा हीच आहे. आई मागे राहणार असेल तर तिचा हयातभर राहण्याचा हक्क स्वतंत्र कलमात लिहा.

हक्कसोड: आई आणि बहिणींनो, थांबून सही करा

तेरावे उरकते न उरकते तोच बहिणींपुढे हक्कसोडपत्र येते. सही केली नाही तर माहेर तुटेल ही भीती असते आणि पुष्कळ जणी न वाचताच सही करतात. मनापासून भावाला द्यायचे असेल तर तो तिचा अधिकार आहे आणि त्यात मोठेपणाही आहे. पण ती सही समजून-उमजून झाली पाहिजे. हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे लागते, आणि एकदा नोंदले की सहसा परत फिरता येत नाही. काय सोडत आहोत, कोणाच्या नावे सोडत आहोत आणि मोबदला आहे का, हे तीन प्रश्न विचारा, दस्ताची प्रत चार दिवस घरी नेऊन वाचा आणि मगच ठरवा. भावांनाही विनंती आहे की दुखवट्याच्या दिवसांत हा कागद पुढे करू नका.

वडील हयात असतानाच त्यांच्या स्वकष्टार्जित घरावरचा ‘पुढे होणारा’ हक्क सोडून दिल्याचे कागद काही ठिकाणी करून घेतात. ज्या हक्काचा अजून जन्मच झालेला नाही तो साधारणपणे सोडताही येत नाही. अशा कागदावर विसंबू नका.

आईने मात्र हक्कसोड करू नये, हे मी ठामपणे सांगतो. पतीच्या मागे तिच्याकडे उरलेली तीच एक ताकद असते. उलट मुलांनीच आपले हिस्से आईच्या नावे सोडले, तर घर पूर्ण तिचे होते, ती निर्धास्त राहते आणि पुढे कोणाला काय द्यायचे हे स्वतःच्या मृत्युपत्रात लिहू शकते. तिने तसे लिहिले नाही तर तिच्यामागे ते मुलामुलींत सारखे वाटले जाते. कोणाचेही कायमचे नुकसान होत नाही.

घरातली बैठक

हे सगळे होण्यासाठी आधी बोलले पाहिजे. विषय आईवडिलांनी काढावा. मुलांनी काढला की हाव दिसते. दिवाळीत किंवा गावच्या यात्रेला सगळे जमतात तेव्हा एक सकाळ त्यासाठी ठेवा. परदेशातल्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या. पहिल्या बैठकीत निर्णय घेऊ नका. फक्त कागदांची फाईल सगळ्यांना दाखवा आणि प्रत्येकाला काय वाटते ते मध्ये न बोलता ऐका. सुना-जावयांनाही बसवा, कारण सेवेचा भार त्यांनीही उचललेला असतो. दुसऱ्या बैठकीत आईवडिलांनी आपला विचार सांगावा आणि त्यानंतर वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यावे.

वडील गेल्यावर वारसांमध्ये एकमत झाले असेल, तर कौटुंबिक व्यवस्थापत्र हा उत्तम मार्ग आहे. आधी तोंडी ठरलेल्या वाटणीची फक्त नोंद ठेवणारा कागद नोंदणीशिवायही चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्ये काले खटल्यात मान्य केले. पण त्या कागदानेच हक्क निर्माण होत असतील तर नोंदणी सक्तीची आहे, म्हणून तो वकिलाकडूनच लिहून घ्या.

गेल्यानंतरची कामे

मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती घ्या. सोसायटीत सभासदत्वासाठी अर्ज करा. वारसांच्या नावे हस्तांतर करताना सोसायटीला हस्तांतर अधिमूल्य घेता येत नाही. जमिनीच्या वारस नोंदीचा अर्ज तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्या. ई-हक्क पोर्टलवरूनही तो देता येतो. मिळकत पत्रिकेसाठी भूमी अभिलेख किंवा नगर भूमापन कार्यालयात आणि घरपट्टीसाठी महापालिका किंवा ग्रामपंचायतीत अर्ज करा. वारसांविषयी वाद किंवा शंका असेल, तर १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिवाणी न्यायालयातून वारस दाखला मिळतो. मृत्युपत्र असेल तर प्रोबेट, म्हणजे न्यायालयाकडून मृत्युपत्राचे प्रमाणीकरण, घ्यावे का, हे वकिलाला विचारा.

परदेशातल्या भावंडाने भारतीय वकिलातीत साक्षांकित केलेले कुलमुखत्यारपत्र पाठवावे. महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. देणारा वारला की सर्वसाधारणपणे कुलमुखत्यारपत्र संपते. वडिलांनी दिलेले पत्र दाखवून त्यांच्यामागे घर विकता येत नाही. वारसाने घर मिळाल्याबद्दल आज भारतात कर नाही, कारण इस्टेट ड्यूटी १९८५ मध्ये रद्द झाली. घर विकल्यावर होणाऱ्या भांडवली नफ्यावर मात्र कर लागतो.

ज्यांचे नियम वेगळे आहेत त्यांच्यासाठी

मुस्लिम वाचकांना वैयक्तिक कायद्याप्रमाणे वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा अधिक मिळकतीचे मृत्युपत्र करता येत नाही. ख्रिस्ती आणि पारशी कुटुंबांना भारतीय वारसा कायदा, १९२५ लागू होतो. गोव्यात सर्व धर्मीयांना एकच नागरी कायदा आहे. विवाहानंतर पतीपत्नीची मालमत्ता सहसा समाईक धरली जाते, मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी वारशाचा निम्मा भाग राखीव असतो आणि उरलेल्या निम्म्याचेच मृत्युपत्र होते. म्हणून गोव्यातल्या घराबाबत तिथल्याच वकिलाचा सल्ला घ्या. मुंबईतली पागडीची खोली मृत्युपत्राने देता येत नाही. भाडेकरूचा हक्क त्याच्या मृत्यूसमयी त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाकडे जातो.

शुल्क, सवलती आणि पद्धती बदलत असतात, तेव्हा कोणताही दस्त करण्यापूर्वी वकील आणि दुय्यम निबंधक कार्यालय यांच्याकडून ताजी माहिती घ्या. पण कागद गोळा करायला, घरात बोलायला आणि मृत्युपत्राचा कच्चा मसुदा लिहायला कोणाची वाट पाहण्याची गरज नाही. ज्यांनी कष्टाने घर उभे केले त्यांनाच ते कोणाला, किती आणि का द्यायचे हे ठरवण्याचा पहिला अधिकार आहे. आईवडिलांनो, तो अधिकार वापरा. येत्या रविवारी फाईल उघडा.